शून्यावर सही

कोरा पेपर देणाऱ्या मुलाला एक मार्क आणि मला शून्य. अकरावीच्या पहिल्याच चाचणीत आमच्या केमिस्ट्रीच्या सरांनी हा न्याय केला आणि वर भर वर्गात तो वाचून दाखवला. मी अमरावतीच्या राजापेठेतल्या भिक्षुकाची मुलगी. पाठांतर घरातच होतं. पहिलीपासून पहिला नंबर सोडला नव्हता. शून्य हा आकडा माझ्या नावापुढे कधी लागू शकतो, हेच मला तोवर माहीत नव्हतं.

प्रश्न एकच आणि अगदी साधा होता. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू एकमेकांशी कसे बांधलेले असतात, ते आकृती काढून सांगा. मी पुस्तकातली आकृती पट्टी लावून उतरवली होती. दोन 'ओ', त्यांच्याभोवती जोडीजोडीनं बसवलेले इलेक्ट्रॉनचे ठिपके, मधे दोन रेघा. त्या सगळ्यावर सरांनी लाल पेनानं एवढं मोठं शून्य काढलं होतं की माझी आकृती त्याच्या पोटात मावली होती.

"सर, यानं तर काहीच लिहिलं नाही!" मी उभी राहून म्हणाले. आवाज चढला होता. माझा तो तसाही लवकर चढतो.

"म्हनूनच एक देल्ला त्याले," सर शांतपणे म्हणाले. "त्यानं खोटं तं नाई लिवलं."

"पण हे पुस्तकात आहे!"

"पुस्तकात आहे. हवेत नाई. जाय, घरून पालकाची सही आन याच्यावर."

ही आमच्या कॉलेजची पद्धत होती. चाचणीत नापास झालं की पेपरच्या खाली उजव्या कोपऱ्यात पालकाची सही लागायची. मी तो कागद दप्तरात खोल दडपून घरी गेले आणि देवघराच्या दारात उभं राहून रडले. बाबांनी सोवळं सोडलं, चष्मा लावला, शून्याकडे बराच वेळ पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः कॉलेजात आले. मला वाटलं, आता भांडण होणार. दोघं स्टाफरूमबाहेरच्या बाकावर बसून अर्धा तास बोलले. बाबा उठून आले ते हसतच.

"त्यांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "आमच्याकडेसुद्धा मंत्र पाठ असला आणि अर्थ चुकला तर फळ नाहीच." मग खिशातलं पेन काढून त्यांनी माझ्या शून्याखाली झोकदार सही केली. सख्खा बापच फितूर झाला होता.

हे सर रोज अकोल्याहून यायचे. अकोल्याच्या जुन्या शहरातलं पिंजाऱ्याचं घर त्यांचं. वडील गाद्या-रजयांचा कापूस पिंजत, आजोबाही तेच करत. सर सकाळच्या पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरायचे, स्टेशनाबाहेर ठेवलेली सायकल काढायचे आणि तिथून अमरावतीपर्यंत पॅडल मारत यायचे. उंच, हडकुळे, शर्टाचे खिसे कायम फुगलेले. खिशात काय असेल यावर मुलींमध्ये पैजा लागायच्या. निघाला कापूस. साधा, पिंजलेला, पांढरा कापूस.

तो त्यांना शिकवायला लागायचा. फळ्यावर दोन अणूंमध्ये त्यांनी कधी रेघ काढली नाही. खडू आडवा धरून नुसतं घासायचे. कुठं दाट, कुठं विरळ. फळ्यानं काम भागलं नाही की खिशातून कापूस काढून टेबलावर पसरायचे. "हे पाहा. इथं दाट आहे, इथं पातळ आहे. आता सांगा, कापूस नेमका कोन्या जागी आहे? सांगता येते का? तसा आहे इलेक्ट्रॉन." एका मुलानं पुस्तकातल्यासारखं 'इलेक्ट्रॉन केंद्राभोवती फिरतो' म्हटलं, तर सरांनी कपाळावर हात मारला. "फिराले तो काय तेलघान्याचा बैल आहे का बे?"

प्रयोगशाळेत लाकडी गोळे आणि काड्यांचा एक संच होता. गोळा म्हणजे अणू, काडी म्हणजे बंध. तास पहिलाच होता. सरांनी त्यातला एक रेणू उचलला, मधली काडी कडकन मोडली आणि विचारलं, "तुटला का बंध?" आम्ही म्हटलं, तुटला. "मंग तोडाले लागनारी ऊर्जा कुठून आली? कोनाले थंडीचा चटका बसला?" कुणाला काही बसला नव्हता, फक्त प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या काकांना बसला असेल. "म्हंजे हे बंध नाई. ही काडी आहे. उद्यापासून काडीले काडी म्हना." पहिल्याच दिवशी कॉलेजचं सामान मोडणारा मास्तर मी तरी त्याआधी पाहिला नव्हता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे ती लागणार आहे. सरांचं रोजचं बोलणं अस्सल वऱ्हाडी, त्यात जागोजागी उर्दू. सगळ्यांना अरे-तुरे, सगळी पोट्टे-पोट्टी. पण राग आला की सर एकदम शुद्ध पुस्तकी मराठी बोलायला लागायचे. "आपण उद्यापासून माझ्या वर्गात बसू नये," असं त्यांनी एका मुलाला म्हटलं होतं आणि तो मुलगा आठवडाभर जेवला नव्हता म्हणतात. शुद्ध मराठीला घाबरणारे आम्हीच असू साऱ्या महाराष्ट्रात.

एकदा सर वर्गात आले ते खांद्यावर भलंमोठं लाकडी पिंजण घेऊन. पिंजण म्हणजे कापूस पिंजायचं धनुष्य. त्याला आतड्याची ताणलेली दोरी असते, तिला तात म्हणतात. एवढं धूड पॅसेंजरमधून आणि सायकलवरून आणलं होतं. दोन बाकांवर ते आडवं ठेवलं आणि तातीच्या मधोमध कापसाचा बोळा बसवला. तात छेडली, बोळा उडाला. "पयला सूर. सगळ्यात जास्त हलते ते मधातच. दोन अनूच्या मधात असा दाट कापूस जमला की जोड होते." मग तातीच्या मधोमध हलकं बोट टेकवलं, बोटाच्या उजवीकडे बोळा ठेवला आणि डावीकडे तात छेडली. सूर बारीक निघाला. बोटाखाली काहीच हललं नाही, पण उजवीकडचा बोळा मात्र उडाला.

"आता मधात काईच नाई. मोकळं. ही तोडाची जागा." सरांनी बोट उचललं. "ध्यानात ठेवा. दोन अनू जवळ आले की जोडाची जागा पैदा होते, अन् त्याच येळी तोडाची जागाबी पैदा होते. एक घेतली अन् एक नाई घेतली, असं नसते. सवाल इतकाच, की बसनारा बसते कुठं."

मी अजून शून्याच्या रागात होते. तरी विचारल्यावाचून राहवलं नाही. "सर, मधे जर हललंच नाही, तर ते डावीकडून उजवीकडे गेलं कसं?"

सर माझ्याकडे पाहतच राहिले. मग हसले. "हे इचारलं ना पोरी, हे त्या शून्याच्या वरचं आहे. पन शून्य नाई मिटत. शनिवारी येजो. तुले हवेतला ऑक्सिजन दाखवतो."

शनिवारी सर उशिरा आले आणि आम्ही खिडकीतून पाहिलं तर त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर एक ॲल्युमिनियमची गोल टाकी बांधलेली, तिच्या तोंडातून पांढरा धूर सांडतोय आणि मागोमाग एक धोतरवाला माणूस धावतोय. बडनेऱ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात सरांचे मित्र डॉक्टर होते. गाईंसाठी वळूच्या रेतनाच्या कांड्या थंड ठेवायला तिथे द्रवरूप नायट्रोजन येतो. त्यातलाच थोडा मागून आणला होता. आपल्याकडे सगळ्यात थंड वस्तू कुठे मिळते, तर गुरांच्या दवाखान्यात. हे त्याआधी कुठल्या प्राध्यापकाच्या डोक्यात आलं असेल असं मला वाटत नाही.

मागचा माणूस दारातच हात जोडून उभा राहिला. "डाक्टरसायेब, पयले माह्या घरी चाला. गाय माजावर आली, कालपासून हंबरून राहिली."

"मी डाक्टर नाई, बाप्पा. गाईले लागते ते याच्यात नाई. याच्यात नुसती थंडी आहे."

"मंग थंडी कायले घेऊन फिरून राहिले उन्हातान्हाचं?"

"या, दाखवतो," सर म्हणाले, आणि तो माणूस खरोखर येऊन पहिल्या बाकावर बसला.

सरांनी आधी दोन्ही खिसे रिकामे केले. कापसाचा ढीग काढून लांब स्टाफरूममध्ये ठेवून आले. "द्रव ऑक्सिजन अन् कापूस एका खोलीत नाई पायजे. ठिनगी पडली तं मकान उडीन." मग फुटबॉलचा ब्लॅडर काढला. तो त्यांनी वेल्डिंगच्या दुकानातून ऑक्सिजननं भरून आणला होता. ब्लॅडरची नळी एका परीक्षानळीत सोडली आणि परीक्षानळी धुरकट नायट्रोजनमध्ये बुडवली. ब्लॅडर आपोआप आक्रसत गेला, जणू कुणीतरी आतून हवा पीत होतं. परीक्षानळीच्या तळाशी काहीतरी जमलं. सरांनी ती उजेडात धरली.

ते निळं होतं. फिकट, आभाळासारखं निळं. आपण जन्मापासून जे आतबाहेर करतो ते द्रव झालं की निळं असतं.

सरांनी मला पुढे बोलावलं. लाऊडस्पीकरची दोन मोठी चुंबकं लाकडी फळीवर समोरासमोर बसवलेली होती, मधे बोटभर फट. ती फळी त्यांनी माझ्या हातात दिली. "तूच धर. बाकीच्याइचं काय, ते म्हनतीन सरनं गोंद लावला." आधी त्यांनी फटीतून नायट्रोजन ओतला. तो सरळ खाली पडून धूर झाला. मग निळा ऑक्सिजन ओतला.

तो पडला नाही. दोन चुंबकांच्या मधे अडकून लोंबकळत राहिला. उकळत होता, थरथरत होता, पण खाली पडत नव्हता. माझ्या बोटांना थंडीचे चटके बसत होते आणि मला फळी सोडवत नव्हती.

"पाह्यलं?" सर म्हणाले. "तुह्या आकृतीत सगळे इलेक्ट्रॉन जोडीजोडीनं बसले होते. जोडीतले दोघं एकमेकाइचं चुंबक मारून टाकतात. तसं असतं तं हा चिकटला असता का? खऱ्या ऑक्सिजनमंदी दोन इलेक्ट्रॉन एकटे आहेत. अन् बसले कुठं, तं तोडाच्या जागी. तरी रेनू तुटत नाई, कावून की जोडाच्या जागी त्याइच्याहून जास्त बसले आहेत."

पहिल्या बाकावरचा माणूस उठून जवळ आला. "हे हवेतलं आहे? माही गाय रोज हेच घेऊन राहिली?"

"ते बी अन् तुमी बी."

"अरे बापरे," तो म्हणाला आणि नाकासमोर हात धरून दोनदा श्वास सोडून पाहिला. मीसुद्धा तेच केलं. मला हसू नाही आलं. सोळा वर्षांत मी एवढी कधी हबकले नव्हते. पुस्तकात छापलेलं खोटं असू शकतं आणि एक पिंजाऱ्याचा मुलगा सायकलवरून ते सिद्ध करायला येऊ शकतो, हे एकाच सकाळी कळलं.

पुढे मीही केमिस्ट्रीच घेतली. एम.एस्सी. झाले, अमरावतीतच शिकवायला लागले, संध्याकाळी राजापेठेत क्लास सुरू केला. इथून पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. क्लासमध्ये मुलं ऑक्सिजन ओतायला येत नाहीत. मार्कांना येतात. ठिपक्यांची आकृती काढायला वीस सेकंद लागतात आणि तिला पूर्ण मार्क मिळतात. मी ठिपके शिकवायला लागले. आधी 'हे परीक्षेपुरतं हं' म्हणायची. मग ते म्हणणंही सुटलं.

नापिकीची आणि कर्जाची ती वर्षं वऱ्हाडाला फार वाईट गेली. दिवाळीनंतर वर्गातले बाक रिकामे होत जायचे, आणि गावाकडचं पोर पुन्हा का आलं नाही हे कुणी मोठ्यानं विचारत नसे. सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांचे भोंगे हंगामातही गप्प असायचे. त्याच दिवसांत अमरावतीतल्या एका ट्रस्टनं खेड्यातल्या मुलींसाठी मोफत वसतिगृह काढलं. दहावी झालेल्या चाळीस मुली घ्यायच्या, निवड परीक्षेवर. दोन वर्षं राहणं, जेवण, शिक्षण. केमिस्ट्रीचा पेपर काढायला आणि तपासायला मला बोलावलं. आदर्श उत्तरपत्रिकाही मीच तयार केली. त्यात ऑक्सिजनचा प्रश्न होता. दोन मार्क. उत्तर, ठिपके.

तपासताना तिसऱ्या दिवशी दुपारी एक पेपर हाती आला. त्या प्रश्नाखाली रेघ नव्हती, ठिपका नव्हता. पेन्सिल आडवी धरून घासलेलं होतं. कुठं दाट, कुठं विरळ. खाली एकच ओळ: 'ऑक्सिजन चुंबकाला चिकटतो, म्हणून त्याचे सगळे इलेक्ट्रॉन जोडीत नसतात.'

 हे कुणी शिकवलं ते मला नावासकट कळलं. सर निवृत्त होऊन अकोल्यात असतात, वडिलांच्या बंद पडलेल्या गादीच्या दुकानात मुलांना फुकट शिकवतात, हे ऐकून होते. फोमच्या गाद्या आल्यापासून पिंजायला कोण बोलावतं? उत्तर बरोबर आहे हेही मला कळलं. बोटांना थंडीचा चटका आठवला, अगदी खरा.

आणि मी शून्य दिलं.

का दिलं? दोन मार्क द्यायचे तर आदर्श उत्तर बदलावं लागलं असतं, माझ्यासोबत तपासणाऱ्या दोघांना समजावावं लागलं असतं, तपासलेले गठ्ठे पुन्हा उघडावे लागले असते. आणि माझंच उत्तर चुकलं, हे मला माझ्या तोंडानं म्हणावं लागलं असतं. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात सर उभे. केस पिकलेले, खिसे तसेच फुगलेले. सोबत एक बारकीशी मुलगी. तिच्या वेणीत कापसाच्या रुईचा तुकडा अडकला होता.

"हे माही विद्यार्थिनी," सर आत बसत म्हणाले. "हिचा बाप जिनिंगवर होता. जिनिंग बंद. एका मार्कानं हुकली पोट्टी. एक्केचाळिसावी. यादी शनिवारी पक्की होऊन राहिली. जागा नाई भेटली तं सोमवारी हे सुरतेले मावशीकडं जाईन, साड्याइले टिकल्या चिकटवाले. तिकीट काढलं बापानं."

मुलगी खाली पाहत होती. मी पाणी आणलं. 

"हिचा ऑक्सिजनचा जवाब त्याइनं चूक देल्ला. परीक्षक कोन आहे भैताड, काई समजत नाई. बिचाऱ्यानं कधी पाह्यलं नसन. त्याचा दोष नाई. पन तू पाह्यलं आहे ना? चुंबक तुह्या हातात होतं. माह्यासोबत चाल, अध्यक्षाले सांग. मले तुही साक्ष पायजे."

ज्या माणसाच्या शिकवण्याला मी शून्य दिलं होतं, तोच मला साक्षीदार म्हणून न्यायला आला होता. 

"सर," मी म्हणाले, "तो पेपर मीच तपासला."

सरांना ते लगेच उमगलं नाही. "मंग? ध्यानात नाई आलं का तुह्या?"

"आलं होतं."

 मुलीनं एकदाच वर पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. नुसतं आश्चर्य होतं, आणि ते मला जास्त लागलं. सर सावकाश उठले. पाण्याचा पेला त्यांनी न पिता टेबलावर ठेवला.

"आपण अत्यंत चुकीचे वर्तन केले आहे," ते म्हणाले. "आम्ही निघतो. आपला वेळ घेतला, क्षमा असावी."

शुद्ध मराठी. 'आपण'. अठरा वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी. दार लावून मी तिथेच जमिनीवर बसले आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं.

शुक्रवारी मी वसतिगृहाच्या अध्यक्षांकडे गेले. पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर होते, सरळ माणूस. आदर्श उत्तर चुकलं, चूक माझी, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, मी पुस्तक पाहिलं. पुस्तकात ठिपकेच आहेत. आता तुम्ही म्हणता म्हणून यादी बदलू, तर उद्या प्रत्येकाचा बाप येईल. मला दाखवा. डोळ्यांनी दिसलं तर मानतो."

शनिवारी सकाळी मी बडनेऱ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन नायट्रोजन मागितला. नव्या डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्याच घरी गाय हंबरत बांधलेली आहे. वेल्डिंगच्या दुकानात ब्लॅडर भरून घेतला. ऑटोत मांडीवर धुरकट टाकी घेऊन बसले तेव्हा रस्त्यावरच्या नजरांनी मी लाजेनं अर्धी झाले होते. पण लाज आधी वाटायला हवी होती, ती आता वाटून काय उपयोग?

निरोप मी अकोल्याला आदल्या दिवशीच पाठवला होता. सर आले, मुलीला आत सोडलं आणि स्वतः वसतिगृहाच्या फाटकाबाहेरच थांबले.

"आत या ना सर," मी म्हटलं.

"माझ्या खिशात कापूस आहे," ते म्हणाले. अजून शुद्धच.

व्हरांड्यात टेबल मांडलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणलेली चुंबकांची फळी मी त्या मुलीच्या हातात दिली. सरांनी दुकानात तिला फक्त तोंडी सांगितलं होतं. ऑक्सिजन तिनं कधी पाहिलाच नव्हता. न पाहता तिनं ते खरं मानलं होतं, आणि पाहिलेली मी खोटं लिहून बसले होते. घाईत नायट्रोजन निम्मा टेबलावरच सांडला. मग निळा थेंब ओतला. वाटलं, आता पडला. पडला नाही. दोन चुंबकांच्या मधे लोंबकळून थरथरत राहिला.

"अगं आई!" मुलगी ओरडली, पण फळी तिनं सोडली नाही.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे... आपण श्वासात घेतो ते?" थेंब उडून जाईपर्यंत ते वाकून पाहत होते. मग ताठ झाले आणि म्हणाले, "उत्तर हिचं बरोबर. मार्क द्या. पण मॅडम, मग ज्यांनी ठिपके काढले त्या सगळ्यांना तुम्ही दोन-दोन मार्क दिलेत. ते कापायला पाहिजेत. साऱ्या यादीची उलथापालथ होईल."

 तो विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता.

फाटकाची कडी वाजली. सरांनी दोन्ही खिशांतला कापूस काढून फाटकाच्या खांबावर ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवला आणि आत आले.

"कापू नका, सायेब," ते म्हणाले. "पोट्ट्याइले जे शिकवलं ते त्याइनं लिवलं. त्याइचं काय चुकलं? शून्य त्याइचं नाई. शून्य मास्तरचं आहे."

वऱ्हाडी ऐकून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

अध्यक्षांनी यादीवर एकदा नजर टाकली. मग रखवालदाराला हाक मारून म्हणाले, "एक खाट वाढवा, एक्केचाळिसावी. मधल्या खोलीत बसेल." मुलगी फळी हातात धरून तशीच उभी होती. सरांनी ती हळूच काढून घेतली. तिची बोटं लाल झाली होती.

"ते उत्तर आन तुहं," सर मला म्हणाले. "आदर्श."

मी पिशवीतून आदर्श उत्तरपत्रिका काढली. त्यांनी माझं लाल पेन मागून घेतलं आणि माझ्या ठिपक्यांभोवती शून्य काढलं. मोठं, सगळी आकृती पोटात घेणारं. अठरा वर्षांत त्यांचा हात जराही बदलला नव्हता.

"पालकाची सही लागन," ते म्हणाले.

"सर, बाबा आता नाहीत."

"माईत आहे मले."

त्यांनी कागद टेबलावर नीट ठेवला. खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे बाबांनी सही केली होती तिथेच, सावकाश स्वतःची सही केली आणि तिच्याखाली लिहिलं: पालक.